उन्हाळ्यात मंदावणारी कार्डे: विदर्भातील एका संस्थेत जीपीयू सर्व्हरांवर देखरेख उभारण्याचे प्रकरण

विदर्भातील एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या संगणन कक्षात ४ सर्व्हर आहेत आणि प्रत्येकात एनव्हिडियाची ८० जीबी मेमरी असलेली ए१०० ही ४ पीसीआयई (मदरबोर्डच्या खाचेत बसणारी) जीपीयू कार्डे, म्हणजे एकाच वेळी असंख्य गणिते करणारी कार्डे, बसवलेली आहेत. उपग्रह प्रतिमांवरून पिकांची ओळख, रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन आणि मराठी मजकुरावर प्रशिक्षित होणारी छोटी भाषा-मॉडेल अशी तीन विभागांची कामे स्लर्म या कामे वाटून देणाऱ्या प्रणालीच्या रांगेतून या १६ कार्डांवर वाटली जातात. उन्हाळ्यात दोन तक्रारी वारंवार येऊ लागल्या. मॉडेल, डेटा आणि सेटिंग तेच असूनही रात्री चालवलेल्या प्रशिक्षणापेक्षा दुपारच्या प्रशिक्षणाला बराच जास्त वेळ लागतो, ही पहिली. अधूनमधून एखादे काम मध्येच बंद पडते आणि त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत त्यावर चारऐवजी तीनच कार्डे दिसतात, ही दुसरी. या दोन्हींचा उलगडा व्हावा म्हणून कार्डांवर देखरेख ठेवणारी नवी व्यवस्था उभारण्याचे काम माझ्याकडे आले. त्या व्यवस्थेची मांडणी, तिच्यामागची कारणे आणि तिने काय उघड केले, हे येथे नोंदवत आहे.

देखरेख मुळीच नव्हती असे नाही. प्रत्येक सर्व्हरवर क्रॉन या वेळापत्रकाच्या सोयीतून ठरावीक मिनिटांनी कार्डांची स्थिती सांगणारा एनव्हिडिया-एसएमआय हा आदेश चालत असे आणि तापमान, वापराची टक्केवारी व व्यापलेली मेमरी हे तीन आकडे एका फाइलीत जात. फाइलीतील आकडे पाहिले तर सारे काही ठीक वाटत होते, कारण तिची रचनाच अडचण दिसणार नाही अशी होती. दोन नोंदींच्या मधल्या काळात कार्ड तापून मंदावले आणि पुन्हा सावरले तर त्याचा मागमूस राहत नव्हता. शिवाय एखादे कार्ड नाहीसे झाले की आदेश त्रुटी देऊन परत येई, स्क्रिप्ट तिथेच थांबे आणि फाइलीत त्या वेळची ओळच लिहिली जात नसे. जी घटना सर्वांत आधी कळायला हवी, ती नेमकी नोंदीबाहेर राहत होती. नवी व्यवस्था उभारताना सगळे लहानमोठे निर्णय याच एका प्रश्नावर तपासून घेतले: कार्ड काहीच सांगेनासे झाले, तर आपल्याला ते कसे कळणार?

तिसरी उणीव अधिक आतली होती. लिनक्सवर एकही प्रोग्रॅम कार्ड वापरत नसेल आणि पर्सिस्टन्सची (कार्ड सतत तयार ठेवण्याची) सोय बंद असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, कार्डाची सर्व स्थिती आवरून ठेवतो आणि पुढच्या हाकेला ते नव्याने सुरू करतो. ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या) मेमरीतील चुकांचे दोन हिशेब असतात, एक ड्रायव्हर सुरू झाल्यापासूनचा आणि दुसरा कार्डाच्या आयुष्यभराचा. पहिला हिशेब प्रत्येक नव्या सुरुवातीला शून्यावर येतो. आमच्या सर्व्हरांवर ही सोय बंद होती, त्यामुळे दोन कामांच्या मध्ये कार्ड रिकामे झाले की तो हिशेब पुसला जात असे. म्हणून सर्व सर्व्हरांवर एनव्हिडिया-पर्सिस्टन्सडी ही सेवा बूटपासून चालू ठेवणे, हे पहिले काम ठरले.

पंखा नसलेली कार्डे

पुढचे समजण्यासाठी या कार्डांची थंड होण्याची रीत लक्षात घ्यावी लागते. सर्व्हरसाठीच्या ए१०० पीसीआयई कार्डावर स्वतःचा पंखा नसतो, त्यामुळे एनव्हिडिया-एसएमआयच्या तक्त्यात पंख्याच्या रकान्यात आकडाच येत नाही. कार्डाच्या धातूच्या पात्यांमधून हवा ढकलण्याचे काम सर्व्हरच्या पुढच्या भागातील पंखे करतात आणि त्या पंख्यांचा वेग मदरबोर्डवरचा स्वतंत्र बेसबोर्ड नियंत्रक ठरवतो. एका कार्डाची कमाल शक्ती ३०० वॉट आहे, म्हणजे चार कार्डे पूर्ण भारावर असतील तर केवळ त्यांचीच उष्णता १२०० वॉट होते. पंख्यांच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची डेटा सेंटरसाठी शिफारस आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असताना एसीच्या बाहेरच्या युनिटांवर ऊन पडते, आणि त्या वेळी ही शिफारस पाळणे किती कठीण जाते, हे इथल्या कोणत्याही कक्षचालकाला ठाऊक आहे.

दुपारचा हा परिणाम केवळ छोट्या कक्षांपुरता नाही. मेटाने २०२४ मध्ये लामा ३ मॉडेलच्या प्रशिक्षणाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १६,३८४ एच१०० कार्डांवर दिवसाच्या वेळेनुसार १ ते २ टक्क्यांचा चढउतार दिसल्याची आणि दुपारच्या वाढत्या तापमानाशी त्याचा संबंध असल्याची नोंद आहे. त्याच अहवालातील ५४ दिवसांच्या कालखंडात ४१९ अनपेक्षित व्यत्यय आले. त्यांपैकी १४८ सदोष कार्डांमुळे आणि ७२ कार्डांवरील एचबीएम३ मेमरीमुळे होते. आमची कार्डे सोळाच आहेत, पण या अहवालामुळे कार्डे बिघडणे ही अपवादात्मक घटना न मानता नित्याची बाब मानून व्यवस्था उभारावी, हे संस्थेतील निर्णयकर्त्यांना पटवणे सोपे गेले.

साधनांची निवड

कार्डांकडून माहिती घेण्यासाठी एनव्हिडियाचे डेटा सेंटर जीपीयू मॅनेजर, म्हणजे डीसीजीएम, आणि त्याचे आकडे बाहेर मांडणारा डीसीजीएम-एक्सपोर्टर घेतला. आकडे गोळा करून साठवण्यासाठी प्रोमिथियस, इशारे पाठवण्यासाठी अलर्टमॅनेजर आणि आलेखांसाठी ग्राफाना घेतले. प्रोमिथियस निवडण्याचे मुख्य कारण त्याच्या कामाच्या दिशेत आहे. सर्व्हर माहिती पाठवतील याची वाट न पाहता तो स्वतः ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरकडे मागणी करतो, त्यामुळे एखादा सर्व्हर उत्तर देईनासा झाला की तेही एक मोजमाप म्हणून आपोआप नोंदले जाते. आमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

बेसबोर्ड नियंत्रकाकडून पंख्यांचा वेग, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि वीजपुरवठा युनिटांची स्थिती घेण्यासाठी आयपीएमआय-एक्सपोर्टर (नियंत्रकाचे आकडे बाहेर मांडणारा प्रोग्रॅम) जोडला. कार्डांच्या देखरेखीत हा भाग बहुधा गाळला जातो आणि माझ्या मते ती मोठी उणीव आहे. ज्या कार्डाला स्वतःचा पंखा नाही, त्याचे तापमान सर्व्हरच्या पंख्यांपासून वेगळे पाहून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

बसवण्याचे काम मोठे नव्हते, तरी दोन ठिकाणी काळजी घ्यावी लागली. डीसीजीएम-एक्सपोर्टर स्वतःच्या पोटात डीसीजीएमचे इंजिन चालवू शकतो किंवा सर्व्हरवर आधीच चालू असलेल्या इंजिनाला जोडून घेऊ शकतो. आरोग्य तपासणीसाठी आम्हाला इंजिन स्वतंत्र सेवा म्हणून हवे होते, म्हणून एक्सपोर्टर त्यालाच, ५५५५ या पोर्टवर, जोडला, अन्यथा एकाच कार्डाच्या प्रोफायलिंग काउंटरांवर (कार्डाचा कोणता भाग किती चालला हे मोजणाऱ्या नोंदकांवर) दोन इंजिने हक्क सांगू लागतात. हेच काउंटर एनसाइटसारखी प्रोफायलिंगची साधनेही वापरतात, त्यामुळे एखाद्या संशोधकाला स्वतःचा प्रोग्रॅम तपासायचा असेल तेव्हा डीसीजीएमचे प्रोफायलिंग काही काळ थांबवण्याचा आदेश स्लर्मच्या कामाच्या सुरुवातीस देण्याची आणि काम संपल्यावर ते पुन्हा सुरू करण्याची सोय करून दिली. दुसरी काळजी सुरक्षिततेची होती. एक्सपोर्टरच्या ९४०० या नेहमीच्या पोर्टवर मूळ मांडणीत कोणताही पासवर्ड नसतो, म्हणून तो फक्त व्यवस्थापनाच्या अंतर्गत जाळ्यावर उघडा ठेवला.

काय मोजायचे

एक्सपोर्टरसोबत मोजमापांची एक तयार यादी येते. ती जशीच्या तशी ठेवली असती तर आमचा उलगडा झाला नसता, कारण उष्णतेमुळे आणि शक्तीच्या मर्यादेमुळे कार्ड किती वेळ मंद चालले याचे काउंटर त्या यादीत टिप्पणी म्हणून बंद ठेवलेले होते. ते आम्ही उघडले. या काउंटरांचे महत्त्व असे की ते साठत जाणारे आहेत. तापमानाचा आकडा घेतल्या क्षणापुरताच असतो आणि एक्सपोर्टर मूळ मांडणीत ३० सेकंदांनी एकदा आकडे घेतो, त्यामुळे मधल्या २० सेकंदांत कार्ड तापून मंदावले तर तापमानाच्या आलेखात ते दिसेलच असे नाही. मंद चाललेला वेळ मात्र काउंटरमध्ये जमा होत राहतो आणि दोन वाचनांतील फरकातून तो नंतरही काढता येतो.

त्याच्या जोडीला मंदावण्याची कारणे सांगणारे मेट्रिक घेतले. हा एक आकडा असतो आणि त्यातील प्रत्येक बिट एकेक कारण दाखवतो. सर्व कारणे सारखी गंभीर नसतात, हे इथे नीट समजून घ्यावे लागते. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेला पोचल्यामुळे सॉफ्टवेअरने गती थोडी कमी करणे ही जड कामात अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि तिच्यावर इशारा लावला तर सोळाही कार्डे दिवसभर ओरडत राहतील. उष्णतेमुळे हार्डवेअरने गती उतरवणे वेगळे, कारण त्यात कार्डाचा क्लॉक निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. पॉवर ब्रेक त्याहूनही वेगळा, कारण तो कार्डाच्या स्वतःच्या मोजमापातून येत नाही. सर्व्हरचा वीजपुरवठा अडचणीत असल्याचा संकेत बाहेरून कार्डाला मिळतो आणि कार्ड त्याप्रमाणे गती कमी करते.

वापराची टक्केवारी आम्ही ठेवली, पण डॅशबोर्डवर तिला दुय्यम जागा दिली. हा आकडा फक्त एवढेच सांगतो की मोजणीच्या काळात किती वेळ कार्डावर निदान एक तरी कर्नल (कार्डावर चालणारा गणनेचा छोटा प्रोग्रॅम) चालू होता. एखाद्या कार्डाचे बहुतेक गणक रिकामे असतानाही तो १०० दाखवू शकतो. संस्थेत नवी कार्डे घेण्याचा प्रस्ताव याच आकड्याच्या आधारे मांडला गेला होता. त्याच्या शेजारी एसएम (गणकांचे गट) किती सक्रिय आहेत, टेन्सर पाइप (मॅट्रिक्सची गणिते करणारा भाग) किती चालतो आणि मेमरीचा मार्ग किती भरलेला आहे ही प्रोफायलिंगची मोजमापे ठेवल्यावर उपग्रह प्रतिमांच्या कामात कार्डे बराच काळ डिस्कवरून प्रतिमा येण्याची वाट पाहत बसतात, हे स्पष्ट झाले. त्या विभागाने डेटा लोडरची (डेटा कार्डापर्यंत पोचवणाऱ्या भागाची) पुनर्रचना केली आणि नव्या कार्डांचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवला.

आणखी एक निर्णय वरकरणी किरकोळ वाटेल. आलेखांत कार्डांची ओळख ०, १, २, ३ या क्रमांकांनी ठेवायची नाही, असे सुरुवातीलाच ठरवले. एखादे कार्ड न सापडता सर्व्हर सुरू झाला तर पुढच्या कार्डांचे क्रमांक एकेकाने सरकतात. त्यातच कुडा ही एनव्हिडियाची प्रोग्रॅमिंग प्रणाली आपल्या मूळ क्रमाने वेगवान कार्ड आधी मोजते, तर एनव्हिडिया-एसएमआय पीसीआय बसच्या (कार्डे मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) क्रमाने मोजते. म्हणून प्रत्येक मोजमापाला दोन खुणा जोडल्या: कार्डासोबत कायम राहणारा यूयूआयडी हा ओळखक्रमांक आणि खाचेसोबत कायम राहणारा पीसीआय बस पत्ता. या दोन खुणा स्वतंत्र ठेवल्याचा फायदा पुढे झाला.

काय आढळले

पहिल्या काही उष्ण दुपारी जमलेल्या आकड्यांवरूनच एक गोष्ट निश्चित झाली. ज्याला सर्वजण दुपारची मंदगती म्हणत होते, तो एकच बिघाड नव्हता.

तीन सर्व्हरांमध्ये मधल्या दोन खाचांतील कार्डांवर उष्णतेमुळे मंद चालल्याचा वेळ साठत होता आणि कडेच्या कार्डांवर जवळजवळ काहीच नव्हता. त्याच काळात आत येणाऱ्या हवेचे तापमान शिफारशीच्या वरच्या टोकाला होते, पण पंख्यांचा वेग मात्र फारसा वाढलेला नव्हता. आयपीएमआयचा आलेख कार्डांच्या आलेखाखाली ठेवल्यावर कारण दिसले: बेसबोर्ड नियंत्रक पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवत होता, आणि प्रशिक्षणाच्या कामात प्रोसेसर तुलनेने निवांत असतो. सर्व्हर उघडून पाहिले तेव्हा त्यांपैकी दोनांत, आधी कधीतरी नेटवर्क कार्ड बसवताना काढलेली रिकाम्या खाचेची पट्टी आणि हवेचा प्लास्टिकचा मार्गदर्शक परत बसवलेला नव्हता, त्यामुळे हवा कार्डांच्या पात्यांतून न जाता मोकळ्या वाटेने निघून जात होती. पट्ट्या व मार्गदर्शक बसवले आणि पंख्यांची नीती विस्तार खाचांच्या गरजेनुसार उंचावली. त्यानंतर तितक्याच उष्ण दुपारी मधल्या कार्डांचा तो काउंटर वाढायचा थांबला. पंख्यांचा आवाज आणि वीजखर्च वाढला, हे खरे आहे. पण ३०० वॉटचे कार्ड अर्ध्या गतीने चालवण्यापेक्षा हा खर्च परवडणारा आहे, याबद्दल मला शंका नाही.

चौथ्या सर्व्हरचे वागणे निराळे होते. त्याची कार्डे तुलनेने थंड असतानाही मंदावत होती, चारही एकदम मंदावत होती, आणि कारणाच्या आकड्यात पॉवर ब्रेकचा बिट लागलेला होता. या सर्व्हरला दोन वीजपुरवठा युनिटे आहेत. त्यांपैकी एकाला वीजच पोचत नव्हती, कारण ते ज्या पट्टीला जोडले होते ती पट्टी यूपीएसच्या मागे नसून थेट वाहिनीवर होती आणि तिचा एमसीबी पडलेला होता. उरलेले एक युनिट हलका भार पेलत होते, परंतु चारही कार्डे जोरात चालू लागली की मदरबोर्ड स्वतःचे संरक्षण म्हणून ब्रेकचा संकेत देत होता. कामाची रांग दुपारीच सर्वांत भरलेली असते, म्हणून हा दोषही दुपारचा वाटत होता. नियंत्रकाच्या स्वतःच्या नोंदवहीत एक युनिट बंद असल्याची नोंद कितीतरी आधीपासून होती, मात्र ती कुणाकडे पोचवणारी यंत्रणा नव्हती. केवळ तापमान पाहून एसी वाढवला असता तर पहिल्या तीन सर्व्हरांना थोडा दिलासा मिळाला असता आणि या चौथ्याला काहीच नाही.

नाहीशा होणाऱ्या कार्डाचा उलगडा लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींतून झाला. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक गंभीर घटनेला एक्सआयडी नावाचा क्रमांक देऊन कर्नलच्या लॉगमध्ये लिहितो आणि कार्ड बसवरून निखळल्याचा क्रमांक ७९ आहे. नव्या व्यवस्थेने ही घटना पुन्हा टिपली तेव्हा बस पत्ता नोंदीत होता. आम्ही ते कार्ड दुसऱ्या सर्व्हरमध्ये नेले आणि तिथले कार्ड इथे आणले. पुढच्या खेपेला ७९ क्रमांक आला तो नव्या यूयूआयडीवर, पण जुन्याच बस पत्त्यावर. दोष कार्डात नसून खाचेच्या बाजूला होता, आणि त्या खाचेचा रायझर (कार्ड मदरबोर्डला जोडणारा मधला बोर्ड) बदलल्यावर ही घटना थांबली. क्रमांकावर विसंबलो असतो तर एक निरोगी, अत्यंत महाग कार्ड दुरुस्तीला पाठवले गेले असते.

इशाऱ्यांची रचना

कार्ड निखळते तेव्हा इशाऱ्यांच्या नियमांचे काय होते, हे आम्ही मुद्दाम तपासले आणि तिथे एक गंभीर त्रुटी सापडली. तापमान अमुक अंशांपेक्षा जास्त असेल तर इशारा द्या, असा नियम असताना कार्डच नाहीसे झाले की तुलनेसाठी आकडाच उरत नाही. नियम निष्फळ ठरतो एवढेच नव्हे, तर आधीपासून वाजत असलेला उष्णतेचा इशारा मिटतो आणि अलर्टमॅनेजर तो सुटल्याचा निरोप पाठवतो. तापून निखळलेल्या कार्डाबद्दल कर्तव्यावरील व्यक्तीला सर्व काही ठीक झाल्याचे कळवले जाते.

म्हणून सर्वांत वरचा नियम कार्डांच्या संख्येचा केला. प्रत्येक सर्व्हरसाठी अपेक्षित संख्या हाताने लिहून ठेवली आणि दिसणाऱ्या यूयूआयडींची मोजणी तिच्याहून कमी भरली की ताबडतोब इशारा जातो. सर्व्हर किंवा एक्सपोर्टर मुळीच उत्तर देत नसेल तर वेगळा इशारा जातो, कारण अशा वेळी मोजायलाच काही नसते. एक्सआयडीच्या मेट्रिकवर थेट नियम लावला नाही, कारण ते शेवटचा क्रमांक धरून ठेवते आणि घटना संपली तरी इशारा वाजत राहतो. त्याऐवजी कर्नलच्या लॉगमधील ओळी मध्यवर्ती ठिकाणी गोळा करून त्यांची दोन गटांत विभागणी केली. १३, ३१ आणि ४३ हे क्रमांक बहुतांश वेळा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधील चुकीमुळे येतात, त्यांची माहिती फक्त त्या कामाच्या मालकाला जाते. ४८, ६३, ६४, ७४, ७९, ९४ आणि ९५ हे मेमरी, एनव्हीलिंक (कार्डांना आपसांत जोडणारा दुवा) किंवा बसशी संबंधित असल्याने संगणन कक्षाकडे येतात.

तापमानाच्या मर्यादा इतरांच्या लेखांतून घेतल्या नाहीत. प्रत्येक कार्ड आपली मंदावण्याची, बंद पडण्याची आणि मेमरीची कमाल मर्यादा एनव्हिडिया-एसएमआयच्या सविस्तर तक्त्यात स्वतःच सांगते, तेथून त्या उचलल्या आणि इशारा त्याच्या काही अंश खाली लावला. प्रत्येक इशाऱ्याच्या मजकुरात पहिली कृती लिहिलेली आहे, आणि बहुतेकांत ती एकच आहे: स्लर्ममध्ये तो सर्व्हर ड्रेन करणे, म्हणजे चालू कामे पूर्ण होतील पण नवे काम जाणार नाही. नवे काम सुरू होण्यापूर्वी डीसीजीएमची पहिल्या पातळीची छोटी चाचणी आपोआप होते. तिसऱ्या पातळीची चाचणी कार्डावर पूर्ण भार टाकते आणि तिला बराच वेळ लागतो, म्हणून ती दुरुस्तीनंतर आणि ठरलेल्या देखभालीच्या दिवशीच चालवली जाते.

प्रोमिथियस मूळ मांडणीत १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. उन्हाळा आणि हिवाळा यांची तुलना करता यावी म्हणून ही मुदत वर्षभराहून अधिक केली. १६ कार्डांच्या मोजमापांना त्यासाठी फारशी जागा लागत नाही.

एक बाब अद्याप प्रलंबित आहे. दुसऱ्या सर्व्हरमधील एका कार्डावर दुरुस्त न होणाऱ्या मेमरी-चुकीमुळे एक ओळ बदलली गेली आहे. अँपिअर पिढीपासूनची डेटा सेंटर कार्डे सदोष ओळीच्या जागी राखीव ओळ वापरतात, मात्र हा बदल कार्ड रीसेट झाल्यावरच लागू होतो. रीसेट झाला आहे, तिसऱ्या पातळीची चाचणीही कार्डाने पार केली आहे आणि ते पुन्हा रांगेत आहे. बदललेल्या ओळींचा आकडा आता यूयूआयडीनुसार पाहिला जातो. ओळ बदलणेच अयशस्वी झाल्याची खूण त्या कार्डावर उमटली, तर ते चालवत राहायचे नाही आणि हमीच्या मुदतीत परत पाठवायचे, असे तिन्ही विभागांनी लेखी मान्य केले आहे.